लग्नाच्या मिक्सिंगपासून सिनेमाच्या संकलनापर्यंत: कोल्हापुरातून एडिटर व्हायचं असेल तर

प्रश्न आलाय कागलच्या एका मुलीचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मामांच्या फोटो स्टुडिओत लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, करते, रील्सही कापते. तिला चार गोष्टी विचारायच्या आहेत. काही लाख फी असलेला डिप्लोमा करावा का? कोल्हापुरात राहून जमेल की मुंबई गाठावीच लागेल? लग्नाचं काम केलेल्याला मालिका-सिनेमात कुणी उभं करतं का? आणि एआय आल्यावर हे काम उरणार आहे का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. हो, उभं करतात. मी मुंबईत मालिकांच्या आणि सिनेमाच्या एडिट टेबलावर बरीच वर्षं काढली आणि आता कोल्हापुरातून काम करतो. माझ्याकडे आलेल्या असिस्टंटमधले सगळ्यात भरवशाचे लग्नाच्या स्टुडिओतूनच आले होते. त्यांचे हायलाइट व्हिडिओ देखणे होते म्हणून मी त्यांना घेतलं नव्हतं. दुसऱ्यानं शूट केलेलं, चार कॅमेऱ्यांचं, आवाज कुठे आहे आणि चित्र कुठे आहे याचा पत्ता नसलेलं फुटेज पुढ्यात आलं तरी ती मुलं गांगरत नव्हती. एडिटर व्हायचा रस्ता असिस्टंटच्या खुर्चीतून जातो आणि त्या खुर्चीत बसायला नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही.

असिस्टंट नेमकं काय करतो ते नीट समजून घे, कारण हे शिकवणारे व्हिडिओ फारसे नसतात. शूटवरून कार्ड येतं. ते निदान दोन डिस्कवर उतरवायचं, कॉपी तंतोतंत झाली का ते चेकसमनं (दोन फाइल हुबेहूब आहेत का हे सांगणाऱ्या आकड्यानं) तपासायचं आणि मगच कार्ड फॉरमॅटला परत द्यायचं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असतो. तो क्लॅपच्या फ्रेमवर किंवा टाइमकोडवर (प्रत्येक फ्रेमवरच्या वेळेच्या आकड्यावर) चित्राशी जुळवायचा. प्रत्येक क्लिपला सीन, शॉट, टेक असं नाव द्यायचं, आणि सेटवरच्या शीटमध्ये दिग्दर्शकानं ओके केलेला टेक कोणता ते बिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टमधल्या क्लिपच्या फोल्डरमध्ये, दिसेल असं लावायचं. मग प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी बनवलेल्या हलक्या प्रती. फुल एचडी, २५ फ्रेमचं एक तासाचं फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये साधारण ८३ जीबी होतं, तेच प्रोरेस प्रॉक्सीत १७ जीबीच्या आसपास येतं. रोज काही तासांचे रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज, येणाऱ्या शूटवर हा फरक किती मोठा होतो ते तूच हिशेब करून बघ.

कट लॉक झाला, म्हणजे आता बदल नाही असं ठरलं, की खरी परीक्षा. साउंडवाल्याला एएएफ जातं, डीआयला (रंग ठरवणाऱ्यांना) एक्सएमएल किंवा ईडीएल जातं, या सगळ्या कटची माहिती नेणाऱ्या फाइल; सोबत चित्रावरच टाइमकोड दिसणारा रेफरन्स व्हिडिओ जातो, व्हीएफएक्सच्या शॉटची यादी वेगळी. प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना थोडं फुटेज राखून द्यायचं असतं, कारण साउंडवाल्याला फेड करायला जागा लागते. यानंतर कुणी गुपचूप दोन फ्रेम काढल्या तर तिथून पुढचा सगळा आवाज सरकतो. २४ फ्रेमच्या सिनेमात दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. ओठ आणि शब्द यांच्यात एवढं अंतर पडलं की प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, मग त्याला कारण सांगता येवो न येवो. म्हणून लॉक झाल्यावरचा प्रत्येक बदल लेखी जातो, आणि ती नोंद असिस्टंट ठेवतो. ज्याचं प्रोजेक्ट दुसरा माणूस उघडून पाच मिनिटांत समजून घेतो, त्याला पुढचं काम मिळतं. या धंद्यात मी एवढा खात्रीचा नियम दुसरा पाहिला नाही.

हे सगळं तुला मामांच्या स्टुडिओत बसून शिकता येईल. पुढचं लग्न आलं की ते सिनेमा समजून लाव. हळद, साखरपुडा, अक्षता, वरात असे सीन कर. कॅमेऱ्यांना ए, बी, सी अशी नावं दे. मंगलाष्टकांचा आवाज मांडवातल्या स्पीकरवरून कॅमेऱ्यात आला की फाटलेला असतो. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून छोट्या रेकॉर्डरवर घेता येतो का ते मामांना विचार, आणि मग तो चारही कॅमेऱ्यांशी हातानं जुळव. ऑटो सिंक आहे हे मला माहीत आहे. तरीही हातानं जुळव, कारण ऑटो सिंक फसतं तेव्हा काय करायचं हे हातानं जुळवलेल्यालाच कळतं. पाहुण्यांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिप बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटच्या असतात आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे होतो. त्या आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घे. शूट करणाऱ्या पोरांनाही सांग, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलं तर हॉलच्या दिव्यांचा फ्लिकर सहसा येत नाही. एलईडी वॉलची गोष्ट वेगळी, तिथे शटर थोडं फिरवून बघावं लागतं. हे बोलणं एडिटरचं नाही असं कुणी म्हणेल, पण टेबलावर त्रास आपल्यालाच होतो.

आता रशेस बघण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे.

सगळे रशेस बघ. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, वेग न वाढवता, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. लग्नाच्या स्टुडिओत हे कुणी करत नाही, कारण सीझनमध्ये वेळ नसतो आणि ठरलेल्या साच्यात ठरलेले शॉट टाकले की काम होतं. पण साच्यात बसणारे शॉट कुठल्याही लग्नात सापडतात. त्या एका लग्नातच असलेलं काहीतरी कुठेतरी मधे पडलेलं असतं: अंतरपाट बाजूला झाल्यावर तो घडी घालताना मुलीच्या वडिलांचे थरथरणारे हात, मुंडावळ्या सारख्या करणारी मावशी, कॅमेरा बंद झालाय असं वाटून नवऱ्या मुलानं आईकडे टाकलेली एक नजर. सिनेमातही तसंच. ‘ॲक्शन’ म्हणण्याआधीचे आणि ‘कट’ म्हटल्यानंतरचे काही सेकंद नट सगळ्यात खरा असतो, आणि ते सेकंद ज्यानं पाहिलेत त्यालाच वापरता येतात. दिग्दर्शक विचारतो, ‘या ओळीला दुसरा कुठला टेक आहे का?’ तेव्हा बिन न उघडता उत्तर देता आलं पाहिजे. तुझं नाव होईल ते या उत्तरामुळे, इफेक्टमुळे नव्हे.

आपल्याकडच्या मुलांची एक सवय मला काळजीत टाकते. हलगी, ढोल-ताशा यांच्या नादावर वाढलेले आपण. ठेका लागला की हात आपोआप कट मारतो. रीलमध्ये ते चालतंही. पण प्रत्येक ठोक्यावर कट आला की दहा सेकंदांत डोळ्याला त्याची सवय होते आणि मग कितीही जोरात वाजवलं तरी काही घडत नाही. ठोका सोडून द्यायला शिक. वरातीत नाचणाऱ्या आजोबांचा शॉट आठ सेकंद धरून ठेवून बघ, त्यांचा दम लागलेला चेहरा दिसेपर्यंत. तो शॉट धरायचा की तोडायचा, हे ठरवणं म्हणजे संकलन.

संगीत काढून टाकूनही काम कर. एक सराव सांगतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा आपल्या कुठल्याही तालमीत जा, वस्तादांची रीतसर परवानगी घे आणि त्यांना तासभर बोलतं कर. त्या तासाची सहा मिनिटं कर. गाणं नाही, बीजीएम नाही. फक्त त्यांचा आवाज, लाल मातीत पडणाऱ्या अंगांचा आवाज, शड्डू, पाण्याचा आवाज. कुस्तीचे शॉट कुठे येतील आणि त्यांचा चेहरा कुठे येईल हे त्यांच्या बोलण्यावरून ठरव. आधी आवाज येऊ दे, चित्र मागून, कधी उलट. जे-कट आणि एल-कट यांची व्याख्या पाठ असणारे खूप भेटतात, पण दारातून शड्डूचा आवाज आधी आत घ्यावा असं ज्याला वाटतं तो वेगळा असतो.

याच सरावात मराठी बोलणं कापायचं कसं तेही कळेल. आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात. ‘त्या दिवशी मी त्याला मैदानात उतरू दिलं...’ इथवर ऐकणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. ‘नाही’ आलं की सगळं फिरतं. म्हणून समोरच्याच्या चेहऱ्यावर लवकर कट मारला तर तो चेहरा अजून न कळलेल्या गोष्टीवर प्रतिक्रिया देताना दिसतो. शेवटचा शब्द पूर्ण होऊ दे, त्यानंतरचा श्वासही राहू दे, मग जा. कोल्हापूरकडचा माणूस तर शेवटच्या शब्दावर थांबून बघतो, समोरच्याला पोचलं का ते. तो थांबा कापला की माणूसच बदलतो. सायलेन्स काढून टाकणारी ऑटो बटणं नेमका हाच थांबा आधी खातात.

डिप्लोमाचं सांगतो. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत संकलनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेतही आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे तू बी.ए. झालीस की प्रवेश परीक्षेला बसू शकतेस. माझं मत स्पष्ट आहे: एकदा मनापासून तयारी करून बस. रेणू सलुजा पुण्याच्याच संस्थेत शिकल्या, संकलनासाठी त्यांना चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संकलक म्हणून बाईचं नाव हिंदी सिनेमात मानानं घेतलं जाऊ लागलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आणि ती जागा आपल्याला परकी नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि तिच्याच स्टुडिओच्या आवारात १९६० साली ही संस्था उभी राहिली.

खासगी संस्थेत लाखो रुपये भरायचे असतील तर मात्र आधी जाऊन तीन गोष्टी विचार. शिकवणारा माणूस सध्या स्वतः काय कापतोय? दुसऱ्यानं शूट केलेले कच्चे रशेस घेऊन निदान एक पूर्ण फिल्म विद्यार्थ्याला कापायला मिळते का? एका मशीनवर किती जण बसतात? उत्तरं देताना माणूस ब्रोशर पुढे सरकवायला लागला तर परत ये. सॉफ्टवेअर शिकायला एवढे पैसे लागत नाहीत. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी आहे. प्रीमिअर प्रोही शिकून ठेव, कारण स्टुडिओंमध्ये तेच जास्त दिसतं. ॲव्हिड मोठ्या कामांवर लागतं, संधी येईल तेव्हा महिनाभरात हात बसतो.

मुंबई की कोल्हापूर? दोन्ही, या क्रमानं: आधी इथे पाया, मग काही वर्षं मुंबई, मग तुझं तू ठरव. इथल्या चित्रनगरीत आणि आसपासच्या गावांत मालिकांचं, सिनेमांचं शूटिंग होतं, पण बऱ्याचदा एडिट मुंबईत असतो आणि डिस्क तिकडे जातात. शूट इथे असेल तर डेटा सांभाळायला, प्रॉक्सी बनवायला, पहिली जुळणी लावायला इथलाच माणूस स्वस्त आणि सोयीचा पडतो. तिथून आत शिरता येतं. मुंबईत गेलीस तर आधी मालिका धर. एपिसोड रोज जातो, चॅनलचा फोन रोज येतो, आणि संवादाचे सीन शेकड्यांनी हाताखालून जातात. तेवढा सराव सिनेमात मिळायला फार काळ लागतो. रात्रपाळी असते हे घरच्यांना आधीच सांग, आणि कामाला हो म्हणण्याआधी तो स्टुडिओ, तिथं काम करणाऱ्या इतर मुली, रात्री परत सोडायची सोय हे सगळं बघून घे. हे विचारायला लाजू नकोस. नीट उत्तर न देणाऱ्या ठिकाणी जाऊच नकोस.

घरी बसून मुंबईचं काम करणं आता शक्य झालंय. प्रॉक्सी नेटवरून येतात, कट इथे होतो, फक्त प्रोजेक्ट फाइल परत जाते. पण असं काम ज्याच्यासोबत शेजारी बसून रात्री काढल्यात तोच देतो. ओळख आधी खोलीत होते.

कोल्हापुरातलं काम कमी दर्जाचं समजू नकोस. शिरोली, गोकुळ शिरगाव, तुझ्या कागलची पंचतारांकित एमआयडीसी इथल्या फाउंड्रींना त्यांच्या कामाच्या फिल्म लागतात, साखर कारखान्यांना लागतात, गुजरीतल्या सराफांना जाहिराती लागतात. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना कॅमेरा कुठे होता आणि किती वेळ तिथे थांबायचं हे शिकायला मिळतं, शिवाय पैसेही वेळेवर येण्याची शक्यता लग्नापेक्षा जास्त. खासबागेतल्या कुस्त्या आणि शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने यांचं थेट प्रक्षेपण होतं तिथे स्विचरवर बसायची संधी मिळाली तर सोडू नकोस. डाव पडायच्या आधी कुठला कॅमेरा घ्यायचा हे अंदाजानं ठरवावं लागतं, तिथे अनडू नाही.

पैशांच्या बाबतीत आपल्याकडचा मोठा अडसर म्हणजे ‘घरचंच काम आहे, बघू की नंतर’. काम घरचं असलं तरी लिहून घे. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात: किती मिनिटांचा व्हिडिओ, किती दिवसांत, दोन करेक्शन रकमेत धरलेली, तिसऱ्यापासून वेगळे पैसे. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कार्ड उतरवू नकोस. मोठ्या कामात रक्कम तीन टप्प्यांत माग: सुरुवातीला, रफ कटला, लॉकला. लॉकनंतर निर्मात्याचं लक्ष पुढे गेलेलं असतं, म्हणून शेवटचा हप्ता छोटा ठेव. कच्चं फुटेज त्यांचं आहे, ते कधी अडवू नकोस. पण प्रोजेक्ट फाइल द्यायची का, कधी द्यायची हे आधी ठरव. श्रेयनामावलीत नाव कसं आणि कुठे येणार तेही त्याच चार ओळींत येऊ दे. कंपनीनं टीडीएस कापला तर रिटर्न भर, नाहीतर तुझा परतावा तसाच पडून राहील.

एआयचं. सबटायटल लिहिणं, शांत जागा काढणं, नको ती वस्तू फ्रेममधून पुसणं, टेक शोधणं ही कामं झपाट्यानं मशीनकडे चालली आहेत. काही वर्षांपूर्वी नवीन मुलं हीच कामं करत करत वर चढायची, त्यामुळे पहिली पायरी अरुंद झाली आहे, हे मी लपवणार नाही. साच्यातले रील कापणाऱ्यांना आधी धक्का बसेल. पण वस्तादांच्या थांब्याचं काय करायचं हे ठरवायला अजून माणूस लागतो, आणि मशीननं काढलेल्या सबटायटलमध्ये कोल्हापुरी बोली कुठे चुकली हे ओळखायलाही. ही साधनं शीक, वापर, वाचलेला वेळ रशेस बघण्यात घाल.

मशीनबद्दल फार विचार करू नकोस. ३२ जीबी रॅम, प्रॉक्सीसाठी वेगळी एसएसडी, बरा ग्राफिक्स कार्ड, यूपीएस. हेडफोनवर मात्र कंजुषी नको, बंद कपांचा घे. आणि डेटा तीन प्रतींत, त्यातली एक दुसऱ्या जागी. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत तळमजल्यापर्यंत पाणी शिरलं तेव्हा शेल्फवरच्या डिस्कचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. एखाद्याच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही. तुझी तिसरी प्रत कागलच्या घरी असू दे.

आता काम मागायचं कसं. झटपट कट मारलेली शोरील पाठवू नकोस. दोन मिनिटांत शंभर शॉट पाहून एडिटरला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. वस्तादांची सहा मिनिटं पाठव, आणि त्या प्रोजेक्टच्या टाइमलाइनचा आणि बिनचा स्क्रीनशॉट जोड. खाली दोन ओळी लिही: मूळ फुटेज किती होतं, ते कुणी शूट केलं होतं, सिंक आणि प्रॉक्सी तू स्वतः केल्यास. ज्या एडिटरचं काम तुला आवडलं त्यालाच लिही, आणि त्याच्या कामातला कुठला सीन का आवडला ते एका वाक्यात सांग. उत्तर आलं नाही तर महिन्यानं नवीन काम झाल्यावर पुन्हा लिही. माझ्याकडे येणाऱ्या मेसेजमध्ये बिनचा स्क्रीनशॉट क्वचितच असतो. ज्यात असतो तो मी उघडून नीट बघतो आणि उत्तर देतो.